न दिसलेली ओढणी

आमच्या शैलाला सिक्युरिटीची नोकरी लागली तेव्हा मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले. हसू नका. मी वेल्डर माणूस, शाळा सातवीपर्यंत, पिंपरीच्या शेडमधनं उचलून मेलबर्नला ट्रेलरच्या कारखान्यात आणलेला. आणि शैला इथं आल्यापासून चिकन पॅकिंगला. तिथल्या गारठ्यात बोटं अशी आखडायची, की घरी आल्यावर बायकोला चहाचा कप धरता यायचा नाही. त्यामुळे लायब्ररीच्या दारात, हीटरच्या उबेत, काळा कोट घालून नुसतं उभं राहायचं म्हणजे आम्हाला कलेक्टरकीच वाटली.

पण हे काम निघालंच कसं ते आधी सांगतो. सगळी भानगड तिथंच आहे.

आम्ही राहतो टार्निटला. लायब्ररी दुसऱ्या काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, कोरेला डाउन्सची, गाडीने बरीच लांब. तिकडं मागच्या वर्षी पोरांनी तोंडाला फडकी बांधून दुकानं फोडली. लोक भडकले. काउन्सिलने नियम काढला, की आपल्या कुठल्याच बिल्डिंगमध्ये तोंड झाकून कुणी यायचं नाही. डॉक्टरने सांगितलेलं असेल तर चालेल, बाकी नाही. दारावर बोर्ड लागला. त्यावर चित्रं होती, एक हेल्मेट, एक माकडटोपी आणि एक नुसते डोळे दिसणारी बाई.

आता मला सांगा, दुकानं फोडली पोरांनी, मग चित्रात बाई कुठनं आली? आणि ती पोरं काय लायब्ररीत पुस्तक बदलायला येतात होय?

बरं, बाईचं तोंड पुरुष गार्डने कसं उघडायला लावायचं? ते चालत नाही. बाईला बाईनेच बाजूच्या खोलीत नेऊन बघायचं, असं नियमातच होतं. म्हणून लेडी गार्ड पाहिजे झाली. म्हणून आमची शैला. नियम होता म्हणून नोकरी होती, एवढं साधं.

पहिल्याच आठवड्यात नुसरत आली. मूळची हैदराबादची, काळा बुरखा, नकाब. बरोबर पोरगी इनाया, दुसरीतली, पुढचे दोन दात पडलेली. शाळा सुटली की दोघी रोज लायब्ररीत. शैलाने तिला बाजूच्या खोलीत नेलं. नुसरतने नकाब वर केला, हसली.

"देखलो आपा. अब जाऊं अंदर?"

"अंदर पण खुलाच रखना पडेगा," शैला म्हणाली. आमच्या शैलाचं हिंदी असंच.

"अंदर तो मर्दां बैठे हैं ना."

"नियम है बहन. मैं क्या करू?"

नुसरतने नकाब खाली घेतला. "तो मैं बाहरिच बैठतीऊं. बच्ची कू बैठने देव."

आणि ती बाहेर बाकावर बसायला लागली. काचेच्या आत इनाया पुस्तक घेऊन, काचेच्या बाहेर आई. मेलबर्नचा वारा तुम्हाला माहिती नसेल. कार पार्कमधनं येतो तो हाडात शिरतो. शैला ब्रेकमध्ये तिला चहा नेऊन द्यायची. नुसरत भिंतीकडे तोंड करून प्यायची, कप धुऊन परत द्यायची. आत शैला पोरीवर लक्ष ठेवायची. पोरीचं अडलं तर शैला तिला स्पेलिंग सांगायची, ते निम्म्या वेळा चुकीचं असायचं, आणि पोरगी म्हणायची, "आंटी, दॅट्स नॉट राइट."

शैला घरी आली की तेच. "अहो, मी माणसांना दाराबाहेर काढायला लागले का हो?"

"तू नाही काढत, बोर्ड काढतो," मी म्हणायचो. "तू पगार घे."

असं चाललं होतं. मग तो उत्तरेच्या वाऱ्याचा दिवस आला. उत्तरेचा वारा सुटला की इथं धूळ काय, गवताचे परागकण काय, अर्धं गाव शिंकत असतं. आमच्या मराठी मंडळातली सुखदा, कोथरूडची पोरगी, युनिव्हर्सिटीत शिकते आणि ई-बाइकवर जेवणाच्या डिलिव्हऱ्या करते, ती काहीतरी प्रिंट काढायला लायब्ररीत आली. डोक्यावर हेल्मेट आणि तोंडाला ओढणी. पुण्यात स्कूटीवर पोरी बांधतात तशी, कपाळापासून हनुवटीपर्यंत, मागे गाठ, नुसते डोळे.

आणि शैलाने तिला अडवलं बरं का. असं नाही की अडवलं नाही.

"सुखदा, हेल्मेट काढ गं. बोर्ड बघ की."

"सॉरी मावशी." सुखदाने हेल्मेट काढलं, काखेत मारलं. ओढणी तशीच. "काय वारा सुटलाय! डोळ्यांत नुसती माती."

"जा पटकन, प्रिंटर मोकळा आहे."

गेली आत. काम करून बाहेर आली, "येते मावशी," म्हणून बाइकवर बसून गेली. नुसरत बाकावरच होती. तिने सगळं बघितलं. आणि तिच्याच बाजूला एक गोरी पोरगी उभी होती, तिने मोबाईलवर घेतलं.

संध्याकाळी आमचा विहान खोलीतनं बाहेर आला. आमचं पोरगं जेवायला बोलावलं तरी खोलीतनं येत नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"मम, इज दिस यू?"

व्हिडिओत एका बाजूला काचेबाहेर काळ्या बुरख्यातली बाई बसलीय. दुसऱ्या बाजूला आमची शैला हसत हसत, आपल्या भाषेत बोलत, तोंड बांधलेल्या पोरीला आत सोडतेय. खाली लोकांनी लिहिलेलं. एक म्हणतो ही गार्ड आपल्याच जातभाईंना आत घेते. दुसरा म्हणतो नियमच घाणेरडा आहे, बायकांनी काय घालायचं हे काउन्सिल कोण सांगणार. तिसरा म्हणतो दोघींनाही परत पाठवा, गार्डलापण पाठवा. हजारो लोक! आमच्या शैलाला कोण ओळखतं इथं? दूधवालापण नाही. आणि आता सगळे तिच्या बापाला ओळखत असल्यासारखे शिव्या देत होते.

शैलाने तो व्हिडिओ परत परत लावला. मग म्हणाली, "अहो, मला ओढणी दिसलीच नाही."

"म्हणजे काय?"

"मला सुखदाचं तोंड दिसलं. आख्खं. नाक, डोळे, तो हनुवटीवरचा तीळ. आत्ता ह्यात बघतेय तर तोंड कुठाय?"

तुम्हाला खरं सांगू? पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा मीपण हेल्मेटच शोधत होतो. आपल्याकडं अशा पोरी सिग्नलला शंभर उभ्या असतात. कुणाला वाटतं का हिने तोंड झाकलंय? पण हे मी इथं कुणाला सांगू, आणि कुठल्या इंग्लिशमध्ये?

दुसऱ्या दिवशी शैलाच्या कंपनीच्या क्रेगचा फोन आला. क्रेग म्हणजे तिचा सुपरवायझर. ऑफिसला ये म्हणाला, बोलायचंय. आवाज बरा होता, पण बरा आवाज काढून नोकरी घालवणारेपण मी बघितलेत. शैलाचं जेवण बंद. कारखान्यात माझंही लक्ष लागेना, जोड सरळ येईना. नोकरी गेली तर जाऊ दे, पण असं नाव होऊन गार्डचं लायसन्स गेलं तर परत कोण दारात उभं करणार तिला? परत ते चिकन, परत ती बोटं.

त्यात मंडळाच्या यतीनचा फोन. यतीन आयटीवाला, मंडळाचा अध्यक्ष, माणूस वाईट नाही.

"वहिनी, एकदम सिंपल आहे. सुखदाला हे-फीवर आहे, परागकणांची ॲलर्जी. मेडिकल म्हणून सोडलं, असं सांगायचं. संपला विषय."

"तिने मला तसं काही सांगितलं नव्हतं हो."

"आता सांगेल ना. डॉक्टरचं सर्टिफिकेटपण आणेल. आणि प्लीज, कुणी विचारलं तर मंडळाचं नाव नको. आपण ह्यात पडायचं नाही. हा नियम आपल्यासाठी नाहीच आहे."

मी फोन घेतला. "यतीन, तुझी बायको पुण्याला ॲक्टिव्हा चालवायची ना रे?"

"हो, का?"

"काय बांधून चालवायची?"

"दादा, तो प्रश्न वेगळा आहे."

"मी कुठं म्हणतोय एकच आहे," म्हटलं आणि ठेवला.

सुखदा रडत घरी आली. माझ्यामुळे झालं, उद्याच डॉक्टरकडं जाते म्हणाली. शैलाने तिला जेवायला वाढलं, स्वतः ताटाला हात लावला नाही. ती गेल्यावर मला म्हणाली, "मेडिकल म्हटलं तर माझी नोकरी वाचते. पण मग बाकावरची? तिला कुठला आजार सांगू?"

मी म्हटलं, "तू आधी स्वतःचं बघ." चुकीचं बोललो असेन. पण घरात रोज उपाशी झोपणारी बायको असली की माणूस तेच बोलतो.

क्रेगच्या ऑफिसात मीपण गेलो, आधाराला कुणी आणलं तर चालतं तिथं. क्रेग आडदांड माणूस, दाढी लाल. त्याने तिला चहा दिला आणि उत्तर आधीच तिच्या तोंडात दिलं.

"मेडिकल होतं ना? हो म्हण फक्त, मेट."

शैलाने माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं बघितलं.

"नो," ती म्हणाली. "मला दिसलं नाही."

"तू गार्ड आहेस. दिसलं नाही असं मी कसं लिहू?"

"आमच्या गावात त्याला तोंड झाकणं म्हणत नाहीत. ते वाऱ्याचं असतं. उन्हाचं असतं. सगळ्या पोरी बांधतात."

क्रेग दाढी खाजवत बसला. मग हळूच म्हणाला, "त्या दुसरीच्या गावात तिच्या त्या कपड्याला काय म्हणत असतील?"

त्यालाच आपल्या बोलण्याचा घोर लागल्यासारखं झालं. "हे बघ, हे मी बोललो नाही. शनिवारी लायब्ररीपुढे ह्या नियमाविरुद्ध बायकांचा मोर्चा येतोय. माझ्याकडं लेडी गार्ड तू एकटीच. दारात उभी राहा. नियमाप्रमाणे कर. एकही चूक नको. मग मी वर बोलतो तुझ्यासाठी."

शनिवारी सकाळी तिच्या कोटाची बटणं मी लावली.

कार पार्कमध्ये जत्रा होती. म्हाताऱ्या, टीचरबाया, युनीच्या पोरी, कडेवर पोरं घेतलेल्या आया, आणि प्रत्येकीचं तोंड झाकलेलं. कुणी मफलर, कुणी टॉवेल, एकीने तर उशीची खोळ घातलेली. मध्ये आमची सुखदा. बाइकच्या खोक्यातनं ओढण्या काढून गोऱ्या बायकांना बांधून देत होती. "नो नो, कानाच्या मागून! टाइट! हं, परफेक्ट!" रस्त्याच्या पलीकडं थोडे गडी झेंडा घेऊन उलटं ओरडत होते. दोन पोलीस च्युइंगम खात उभे. मी गाडी कशीबशी लावली आणि एका झाडाला टेकलो. दारात शैला, तिच्या मागं क्रेग.

पहिली आली जूडी. लायब्ररीत विणकामाचा क्लास घेते, सत्तरीची. स्वतः विणलेला मफलर डोळ्यांपर्यंत.

"मॉर्निंग, लव्ह. अडव मला."

"जूडी, प्लीज," शैला म्हणाली. "माझी नोकरी आहे."

"माहितीय गं. तुझ्याशी भांडण नाही माझं." आणि म्हातारी दारातच खाली बसली. तिच्या मागनं दुसरी बसली, तिसरी बसली. टाळ्या, घोषणा. पलीकडचे आणखी ओरडायला लागले. एकाने बाटली फेकली, ती काचेवर आपटली. काच फुटली नाही, पण आवाज मोठा झाला.

आणि आतनं इनाया काचेपाशी आली, रडत. शनिवारी तिचा ड्रॉइंगचा क्लास असायचा. आई तिला आत सोडून दुकानात गेलेली. हात काचेवर, तोंड रडून लाल.

नुसरत आली तेव्हा धावत आली. तिला बघितल्याबरोबर बायकांनी टाळ्या वाजवल्या, वाट करून दिली, शंभर मोबाईल वर झाले. ह्यांना वाटलं जिच्यासाठी मोर्चा काढला तीच आली. नुसरत बिचारी मान खाली घालून पुढं.

"मैं तमाशा करने नै आई," ती शैलाला म्हणाली. "बच्ची कू लेने आई."

क्रेग मागनं म्हणाला, "चेक फर्स्ट, शैला."

बाजूच्या खोलीचं दार बाहेरच्या अंगाला होतं, बसलेल्या बायकांच्या पलीकडं. तिथं जायचं म्हणजे सगळ्या मोबाईलसमोरनं तिला धरून न्यायचं.

"मैं लाती बच्ची कू," शैला म्हणाली. "तुम रुको."

"मेरी बच्ची, और मैं रुकूं?" नुसरतचा आवाज चढला. "वो मेरे नाम से रोरी, आपा. तुमारे नाम से नै."

शैलाने इनायाकडं बघितलं. क्रेगकडं बघितलं. मला दिसत होतं, बाईचा चेहरा पांढरा पडलाय. मी झाड सोडून पुढं निघालो, ही चक्कर येऊन पडते आता. तर ती क्रेगला काय म्हणाली असेल?

"आय नीड टॉयलेट."

"आत्ता?"

"नाऊ. इमर्जन्सी."

आणि गेली की! आत वळली, पाठमोरी, तुरुतुरु. आता टॉयलेटला जायला गार्डला कुणी नाही म्हणू शकत नाही इथं, कायदा आहे. आणि लेडी गार्ड दारात नसेल तर बाईचं तोंड बघायला कुणी नाही, तोही कायदाच. क्रेगने हात पुढं केला, मग मागं घेतला. नुसरत त्याच्या अंगाला न लागता आत गेली आणि पोरीला उचललं. मग जूडी गुडघे धरत उठली. तिच्या मागं सगळ्या. मफलर, टॉवेल, उशीची खोळ, आख्खी वरात लायब्ररीत शिरली आणि पुस्तकं काढून वाचत बसली. क्रेग बोर्डाच्या बाजूला खांबासारखा उभा. आमची बाई टॉयलेटमधनं बाहेर यायला तयार नाही. शेवटी जूडीनेच दार वाजवून काढली.

संध्याकाळी सगळीकडं शैलाचं नाव. काय डोकं लावलं, काय हुशार बाई. यतीनचापण मेसेज, मंडळातर्फे सत्कार करू या का.

मी विचारलं, "तू मुद्दाम केलंस ना?"

ती म्हणाली, "मला खरंच आली होती हो. भीतीने पोटात कळ आली. आत जाऊन मी नुसती रडत होते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "की मुद्दाम केलं, काय माहिती."

पुढच्या आठवड्यात क्रेगचा फोन. मी म्हटलं आता लायसन्सचं काहीतरी. तर लायसन्सचा विषयच नाही. काउन्सिलने नियम थांबवला, फेरविचार होईपर्यंत. एवढ्या बोंबेपुढं टिकले नाहीत. "ग्रेट न्यूज, ना?" क्रेग म्हणाला. "फक्त, आता चेकिंगच नाही, तर लेडी गार्डची पोस्टपण नाही. सॉरी, मेट. तू चांगलं काम केलंस."

शैलाने "नो वरीज" म्हटलं आणि फोन ठेवला. मग ओट्याशी उभी राहून कितीतरी वेळ एकच पातेलं घासलं. चिकनवाल्यांना मीच फोन केला. घेतो म्हणाले.

काल आम्ही इंडियन ग्रोसरीत गेलो होतो. कोथिंबिरीच्या टोपलीपाशी नुसरत. शैलाच्या अंगात काळा कोट नव्हता, तरी तिने बरोबर ओळखलं.

"आपा, नोकरी गई बोले तुमारी?"

"हो. गई."

"मेरे वास्ते?"

"नाही गं. नियमच गया, तो नोकरी पण गई."

नुसरत कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघत राहिली. मग म्हणाली, "लोगां बोलते तुम मेरेकू अंदर छोडे. मैं नै बोलती. तुम छोडे नै. तुम दरवाजा छोड के भाग गए."

शैलाने हो म्हणून मान हलवली.

"मैं रोज ठंड में बैठी. तुम चाय लाए, वो भी याद है. लेकिन मेरा दिल साफ नै हुआ अभी." तिने कोथिंबीर पिशवीत टाकली. "इतवार कू घर आव. इनाया पूछरी. बैठ के बोलेंगे. मेरेकू बहुत कुछ बोलना है तुमकू."

आणि गेली.

तेव्हापासून आमची बाई घरात नुसती येरझाऱ्या घालतेय. लायसन्सची भीती होती तेव्हा बरी होती म्हणायची वेळ आली. शिरा करते म्हणाली, मग नको म्हणाली, शिरा काय आनंदाला करतात. फोन करून येत नाही सांगू का म्हणाली, मग फोन माझ्याकडं दिला, लपवून ठेवा म्हणाली. आत्ता कपाट उघडून उभी आहे. सगळे कपडे पलंगावर.

"अहो, सांगा ना. साडी नेसू का ड्रेस घालू? तिला काय वाटेल?"

मी म्हटलं, "शैला, ह्या वर्षभरात बायकांनी काय घालावं हे ज्याने त्याने सांगून झालंय. मला नको विचारू. तू तयार झालीस की गाडी काढतो."